रहबरचा मुलगा

२० फेब्रुवारी २०२४ रोजी मुंबईत अमीन सायानी वारले. वय ९१. नंतर वर्तमानपत्रांनी त्यांच्या आवाजावर भरभरून लिहिले आणि ते योग्यच होते. पण आमच्या शिरोड्यात, वेंगुर्ल्यात, बांद्यात त्या दिवशी जी बोलणी झाली त्यात आवाजापेक्षा एका वेगळ्याच गोष्टीचा उल्लेख पुन्हा पुन्हा होत होता. ‘त्याचं हिंदुस्थानी आपल्या बायकांना समजायचं,’ असे जुनी माणसे म्हणत होती. हे वाक्य साधे वाटते. त्याच्या मागे मोठा इतिहास आहे, आणि तो आमच्या मराठी मुसलमानांच्या भाषेच्या प्रश्नाला जाऊन भिडतो. म्हणून हा लेख.

शिरोडे म्हटले की वाचकांना दोन गोष्टी आठवतात. एक मिठागरे आणि १९३० च्या मे महिन्यातला मिठाचा सत्याग्रह. दुसरी वि. स. खांडेकर. १९२० ते १९३८ अशी अठरा वर्षे ते इथल्या शाळेत शिकवत होते आणि इथेच राहून त्यांनी मास्टर विनायकांच्या ‘छाया’ या १९३६ च्या चित्रपटाची कथा लिहिली. म्हणजे सिनेमा लिहिणारा माणूस गावात होता, पण सिनेमाचे गाणे ऐकायची सोय गावात नव्हती. ती सोय रेडिओने केली, आणि तीही मुंबईच्या नव्हे, कोलंबोच्या.

हे असे का झाले ते नीट समजून घेतले पाहिजे. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि १९६२ पर्यंत राहिले. गृहस्थ मराठी, विद्वान आणि शास्त्रीय संगीताचे खरे भक्त. त्यांच्या कारकिर्दीत अनेक गुणी गवई-बजवय्यांना आकाशवाणीने पोटाला लावले, हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण सिनेमाच्या गाण्याने देशाची अभिरुची बिघडते असे त्यांचे ठाम मत होते. आकाशवाणीवरचा या गाण्यांचा वाटा आधी कमी झाला. मग गाण्याबरोबर चित्रपटाचे नाव सांगायचे नाही, यावरून निर्मात्यांशी भांडण झाले आणि गाणी जवळजवळ बंदच पडली. श्रोत्याने मात्र सुई पुढे सरकवली. महायुद्धात माउंटबॅटनच्या सैन्यासाठी सिलोनमध्ये एक जबरदस्त प्रक्षेपक उभारला होता. युद्ध संपल्यावर तो सिलोनच्या नभोवाणीकडे आला. त्यावरून हिंदी गाणी आणि जाहिराती सुरू झाल्या आणि अख्खा हिंदुस्थान तिकडे वळला.

आमच्या किनाऱ्याला याचा जास्तच फायदा झाला. मुंबई शिरोड्यापासून सरळ रेषेत पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास, कोलंबो सुमारे १२०० किलोमीटर. तरी रात्री कोलंबो स्वच्छ लागायचे. लघुलहरी आकाशात वर जाऊन तिथल्या थरावर आपटतात आणि दूर जाऊन खाली उतरतात. जवळच्याला चुकवतात आणि लांबच्याला भेटतात. त्या काळी हे शास्त्र कुणाला ठाऊक नव्हते. लोक म्हणत, समुद्रावरून वाऱ्याबरोबर येते. माडावर चढून तांब्याची तार बांधायची, तिचे टोक खिडकीतून आत घ्यायचे, पोस्टात जाऊन रेडिओचा परवाना काढायचा, एवढा खटाटोप होता. पेटीसारखा मर्फी किंवा फिलिप्सचा रेडिओ असलेली घरे बोटांवर मोजण्याजोगी होती. म्हणून एका घरचा रेडिओ म्हणजे आळीचा रेडिओ. ट्रान्झिस्टर पुढे साठीनंतर आले, बहुधा मुंबईच्या चाकरमान्यांबरोबर किंवा बोटीवरच्या खलाशांबरोबर.

जाता जाता एक सांगावेसे वाटते. आमच्या दक्षिणेला तेरेखोलची खाडी, आणि १९६१ च्या डिसेंबरपर्यंत तिच्या पलीकडे पोर्तुगीज राज्य. पणजीहून ‘एमिसोरा द गोवा’ बोलत असे. तिला उत्तर म्हणून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो हे दोघे १९५५ च्या नोव्हेंबरपासून रानातून गुप्त नभोवाणी चालवत होते, आधी आंबोलीच्या जंगलातून आणि नंतर कॅसलरॉकहून. म्हणजे एकाच सुईवर पोर्तुगीज सरकार, गोव्याचे स्वातंत्र्य आणि कोलंबोची गाणी अशी तिन्ही मंडळी शेजारी शेजारी बसलेली. रेडिओचा असा शेजार फार थोड्या गावांना मिळाला असेल.

तर ३ डिसेंबर १९५२, बुधवार. त्या दिवशी सिलोनवरून ‘बिनाका गीतमाला’ पहिल्यांदा लागली. निवेदक अजून विशीतही पोचला नव्हता. सीबा कंपनीला आपली दंतमंजनाची पेस्ट खपवायची होती. मुंबईत डॅन मोलिना नावाचे अमेरिकन गृहस्थ सिलोनसाठी जाहिरातींचे कार्यक्रम तयार करवून घेत. गीतमालेचे काम घ्यायला कुणी तयार नव्हते, कारण संहिता लिहायची, कार्यक्रम बसवायचा, बोलायचे आणि आलेली पत्रेही तपासायची, आणि या सगळ्याचे आठवड्याला २५ रुपये. अमीनने ते घेतले. सुरुवातीला प्रत्येक वेळी सात गाणी वाजत; श्रोत्यांनी ती लोकप्रियतेच्या क्रमाने लावून पाठवायची आणि बरोबर क्रम लावणाऱ्याला शंभर रुपये बक्षीस. थोडीफार पत्रे येतील असा अंदाज होता. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार आली. पुढे आकडा आठवड्याला पासष्ट हजारांवर गेला. ती पत्रे तपासणे माणसाच्या आवाक्याबाहेरचे झाले, तेव्हा स्पर्धा बंद करून १९५४ पासून गाण्यांनाच क्रमांक देणे सुरू झाले. रेकॉर्डचा खप आणि गावोगावच्या श्रोता संघांची मते यांवरून क्रम ठरे. फिती मुंबईत ध्वनिमुद्रित होत आणि विमानाने कोलंबोला जात.

या क्रमांकाला त्यांनी ‘नंबर’ म्हटले नाही. ‘पायदान’ म्हटले. पहिल्या गाण्याला ‘सरताज’ म्हटले आणि त्याच्या आधी बिगूल वाजवला. पायदान म्हणजे जिन्याची पायरी. हा शब्द आमच्या आयांना, खालांना कुणी समजावून द्यावा लागला नाही. आणि सुरुवातीचे संबोधन ‘बहनो और भाइयो’. बहिणी आधी. त्या काळातल्या कुठल्याही सभेत ‘बंधूंनो’ आधी यायचे, बऱ्याचदा भगिनी यायच्याच नाहीत. ओट्याच्या आत, पडद्याआड बसलेल्या बाईला आपल्याला कुणी पहिल्यांदा हाक मारतो आहे हे कळत होते.

गंमत म्हणजे पेस्टशी शिरोड्याचा फारसा संबंध नव्हता. दात घासायला राखुंडी आणि मीठ. मीठ तर दाराशीच पिकत होते. कुणाच्या घरी मुंबईहून बिनाकाची डबी आली की पेस्टपेक्षा तिच्यातल्या प्लॅस्टिकच्या इवल्याशा प्राण्यासाठी पोरे भांडत. सीबा कंपनीने आमच्या गावातून काय कमावले असेल ते तिचे तिलाच ठाऊक. गावाने मात्र कंपनीकडून चाळीसएक वर्षे फुकट गाणी ऐकली.

बुधवारी रात्री आठ ते नऊ ही वेळ. इशाच्या नमाजाची वेळही तीच. यावरून मोहल्ल्यात कुरबुर होई. गाणेबजावणे वाईट म्हणणारे बुजुर्ग होते आणि त्यांचा मान राखला जाई. आवाज इतका हळू केला जाई की रेडिओला कान लावून बसावे लागे. पण जमात संपवून परत येणाऱ्यांपैकी कोणीतरी सहज विचारल्यासारखे ‘कितवं पायदान चाललंय?’ म्हणून विचारी, हेही खरे. आम्ही यात कुणाला दोष देत नाही. दोन्ही गोष्टी एकाच ओट्यावर नांदत होत्या, एवढेच सांगायचे आहे.

आता त्या भाषेकडे येऊ. अमीन सायानींची भाषा म्हणजे जन्मजात देणगी, असे सर्वत्र लिहिले गेले. आम्हाला ते पटत नाही. त्यांचे घर गुजराती बोलणाऱ्या खोजांचे. शिक्षण मुंबईचे न्यू एरा स्कूल, ग्वाल्हेरचे सिंदिया स्कूल, मग सेंट झेवियर्स कॉलेज. थोरले भाऊ हमीद सायानी इंग्रजी निवेदनातले मोठे नाव. बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट त्यांनीच नावारूपाला आणली. त्यांनीच धाकट्याला सातव्या वर्षी चर्चगेटच्या आकाशवाणीत नेऊन मायक्रोफोन दाखवला. अमीनही आधी इंग्रजीतच बोलायचे. आकाशवाणीत हिंदी निवेदक व्हावे म्हणून त्यांनी अर्ज केला तेव्हा त्यांना नाकारले गेले. कारण तुमच्या उच्चारांत, तलफ्फुजमध्ये, गुजराती आणि इंग्रजी डोकावते. मग झेवियर्सच्या आवारातल्या स्टुडिओत सिलोनसाठी ‘ओव्हलटीन फुलवारी’ नावाचा कार्यक्रम मुद्रित होई, तिथे बालगोविंद श्रीवास्तव या निर्मात्यांच्या हाताखाली ते शिकले. एकदा ठरलेला निवेदक आला नाही आणि समोरच्या पोरांतून यांना उभे केले. पहिला मेहनताना आठवड्याला ओव्हलटीनचा एक लहान डबा.

पण बोलण्याची घडण त्याच्याही आधी झाली होती आणि ती स्टुडिओत झाली नव्हती. ती त्यांच्या आईने केली.

कुलसुम सायानी यांचे नाव आज आपल्याच समाजात किती जणांना माहीत आहे? १९०० साली जन्मलेल्या या बाईंनी मुंबईच्या मुस्लिम मोहल्ल्यांतून घरोघर फिरून पडद्यातल्या बायकांना अक्षरे शिकवली. शाळेत बाई येत नाही तर शाळा बाईकडे जाईल, हा त्यांचा खाक्या. शिकलेली बाई महिन्याभराने पुन्हा निरक्षर होते, कारण तिला वाचायला तिच्या भाषेतले काही नसते, हे त्यांनी पाहिले. तेव्हा १९४० साली त्यांनी ‘रहबर’ नावाचे पाक्षिक सुरू केले. गांधीजींचा त्याला आशीर्वाद होता. एकच मजकूर, एकच सोपी हिंदुस्थानी, आणि लिप्या तीन: नागरी, उर्दू आणि गुजराती. १९६० पर्यंत, म्हणजे वीस वर्षे ते चालले. या पाक्षिकाच्या संपादनात, छपाईत, वितरणात आईला मदत करणारा मुलगा म्हणजे अमीन.

नवशिक्या वाचकांसाठी लिहायचे म्हणजे काय, हे ज्याने केले आहे त्यालाच कळेल. वाक्य लांबले की वाचक सुटला. एक अवघड शब्द आला की बोट अडले आणि पान मिटले. ‘प्रतीक्षा’ लिहावे की ‘इंतजार’, हा तिथे विद्वानांचा वाद नसतो. गल्लीतली बाई काय म्हणते तेच लिहायचे असते. आणि मजकूर तिन्ही लिप्यांत जाणार, म्हणजे संस्कृताचा वा फारसीचा बोजा एकाही बाजूला चालणार नाही. हा अभ्यास करत करत एक मुलगा मोठा झाला आणि आईच्या पाक्षिकाची भाषा त्याने मायक्रोफोनपुढे नेली. गीतमालेची भाषा ही प्रौढ साक्षरतेची भाषा होती. मुंबईच्या मोहल्ल्यातल्या बाईसाठी घडवलेली म्हणूनच ती शिरोड्याच्या बाईलाही कळली.

याच वर्षांत दिल्लीत काय चालले होते? गांधीजींनी १९४२ मध्ये वर्ध्याला हिंदुस्तानी प्रचार सभा काढली आणि दोन लिप्यांच्या आग्रहापायी १९४५ मध्ये ते हिंदी साहित्य संमेलनातून बाहेर पडले. फाळणी झाली, गांधीजी गेले, आणि १४ सप्टेंबर १९४९ रोजी घटनासमितीने देवनागरीतली हिंदी ही राजभाषा ठरवली. हिंदुस्थानीचा दावा तिथे बुडाला. आकाशवाणीची हिंदी दिवसेंदिवस संस्कृतकडे गेली, लाहोर-कराचीच्या रेडिओची उर्दू फारसीकडे गेली. मधली जी बोली होती तिला सरकारी घर कुठेच उरले नाही. तिने मग तिसऱ्याच देशात, एका दंतमंजनाच्या खर्चाने बिऱ्हाड केले. इतिहासाचे हे वळण आम्हाला मोठे विलक्षण वाटते. ठराव करून जी गोष्ट झाली नाही ती दर बुधवारी एक तास आपोआप होत होती.

याचा आमच्याशी काय संबंध? फार आहे. कोकणातल्या मुसलमान घरात भाषेचे तीन थर असतात. चुलीपाशी आमची बोली, जी मराठीच्या पोटातली आहे; शाळेत आणि कचेरीत मराठी; मदरशात आणि लग्नपत्रिकेत उर्दू. शिरगणतीचा माणूस दारात येऊन ‘मातृभाषा?’ विचारतो तेव्हा कित्येक घरांतून ‘उर्दू’ असे उत्तर जाते, आणि देणाऱ्याला उर्दूची दोन वाक्ये धड बोलता येत नसतात. मुंबईत गेलो की तिथले उर्दूवाले आमच्या तलफ्फुजला हसतात. मराठी मंडळी ‘तुम्ही मराठी इतकं चांगलं कसं बोलता?’ म्हणून कौतुक करतात. दोन्हींचा अर्थ एकच, की तुम्ही इथले नाही. १९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, त्याच्या मुळाशी हेच दुखणे होते.

अशा माणसांना अमीन सायानींची गोष्ट वेगळी वाचता येते. उच्चाराच्या परीक्षेत नापास झालेला, घरची भाषा वेगळी असलेला एक मुसलमान मुलगा. त्याने ज्यांची भाषा होती त्यांच्याकडून ती शिकून घेतली, मेहनतीने स्वच्छ केली, आणि पुढे तिचे माप त्याच्यावरून घेतले जाऊ लागले. नंतर आलेल्या निवेदकांना ‘अमीन सायानीसारखा बोलतोस’ ही पावती मिळे.

मात्र आम्ही याला केवळ गौरवगाथा करू इच्छित नाही. या बुधवारांनी आमच्याकडून काही नेलेही. आमच्या बायकांची लग्नातली गाणी होती, हळदीची, मेहंदीची, नवरीला निरोप देण्याची. आमच्याच बोलीतली, कुणी न लिहिलेली. जिथे आधी म्हाताऱ्या गायच्या तिथे साठी-सत्तरीत लाउडस्पीकर आला आणि गीतमालेत गाजलेल्या रेकॉर्डी वाजू लागल्या. पोरींना पायदानांचा क्रम पाठ, आजीच्या गाण्याचे दुसरे कडवे आठवेना. हिंदुस्थानीने आमच्या बायकांना जगाशी जोडले आणि त्याच हाताने त्यांच्या ओठांवरचे काढून घेतले. याचा दोष एका निवेदकावर टाकणे अन्याय होईल. पण हिशेब लिहायचा तर दोन्ही रकाने भरले पाहिजेत.

आणखी एक गोष्ट, जी आमच्याकडे मोठ्याने बोलली जात नाही. फाळणीनंतर कोकणातली अनेक कुटुंबे कराचीत गेली. कुणाची बहीण तिकडे, कुणाचा चुलता. १९६५ च्या लढाईत टपाल बंद झाले. त्याच वर्षी पाकिस्तानात हिंदुस्थानी चित्रपटांवर बंदी आली. १९७१ ला पुन्हा तेच. पण सिलोन दोघांचेही नव्हते, म्हणून दोन्हीकडे लागत होते. बुधवारी रात्री इथे जे गाणे वाजले तेच त्या क्षणी कराचीतही वाजते आहे, एवढे बहिणीला ठाऊक असे. पत्रे येत नव्हती त्या काळात याला काय किंमत होती ती ज्याचे माणूस तिकडे आहे त्यालाच विचारावी.

पुढचा इतिहास लवकर सांगून होतो. सरकारलाही शहाणपण आले होते. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली, १९६७ मध्ये तिने जाहिराती घेतल्या. १९७७ ला रत्नागिरीचे केंद्र आले आणि कोकणाला स्वतःचा आवाज मिळाला. रेडिओचा परवाना ऐंशीच्या दशकात गेला. सिलोनचे श्रीलंका झाले, तिथला प्रक्षेपक थकला, दूरदर्शन घरात शिरले. १९८९ मध्ये गीतमाला, आता बदललेल्या ‘सिबाका’ नावाने, विविध भारतीवर आली. ज्या आकाशवाणीने एकेकाळी उच्चारावरून परत पाठवले होते तिच्यावरून आता तोच माणूस बोलत होता. १९९४ च्या सुमारास कार्यक्रम थांबला. २००९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी केलेल्या रेडिओ कार्यक्रमांची संख्या चोपन्न हजारांवर सांगतात. पण शिरोड्याच्या दृष्टीने कार्यक्रम एकच.

२०१७ मध्ये सारेगामा कंपनीने ‘कारवां’ नावाची जुन्या रेडिओसारखी दिसणारी पेटी काढली. तिच्यात हजारो गाणी भरलेली आणि गीतमालेच्या वर्षवार याद्याही, अमीन सायानींच्या आवाजासकट. आखातात नोकरीला असलेल्या मुलांनी आयांसाठी ती घेतली, आमच्याकडे बऱ्याच घरांत ती आहे. तिला माडावरची तार लागत नाही, आवाज खरखरत नाही, आणि आठवड्याचा कुठलाही वार चालतो. आया ती लावतात. गाणे सुरू झाले की मुली येऊन पुढचे बटण दाबतात आणि आया म्हणतात, थांब गो, आधी तो काय बोलतो ते ऐकू दे.